मामंजींचे कान

कामाला लागले की मी बोलते. कुणाशी नाही, स्वतःशीच. "आता चूल पेटव. आता पीठ काढ. परातीत घे, परातीत. पाणी आणलंस का? बघ, विसरली." घरात पाहुणे असले की नातसुना एकमेकींकडे बघून हसतात आणि मी ओशाळून गप्प होते. मी गप्प झाले की तव्यावरची भाकरी करपते. हा काही म्हातारपणाचा चळ नाही, हे जन्मापासूनचं आहे. याची जेवढी लाज मी आयुष्यभर वागवली तेवढी दुसऱ्या कशाचीच वागवली नाही.

मागे पणतीला नांदेडच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी एडीएचडी असं नाव सांगितलं. लक्ष एका जागी ठरत नाही, हातातलं सोडून मन दुसरीकडे धावतं, वेळेचा अंदाज राहत नाही. नात मला हे समजावून सांगत होती आणि मी मान खाली घालून ऐकत होते, कुणी माझीच चहाडी करत असल्यासारखी. पणतीला गोळी सुरू झाली, तिला ती लागू पडली, पोरगी आता पुस्तक शेवटपर्यंत वाचते. म्हणून गोळीला मी नावं ठेवत नाही. मला त्या काळी दिलेलं औषध वेगळं होतं, आणि मला जे लागू पडलं ते औषध नव्हतंच.

माझं माहेर कळमनुरीजवळचं एक खेडं. लहानपणी मला पाण्याला पाठवलं तर घागर ओढ्याच्या काठावर आणि मी खेकड्यांच्या मागे. शेळ्या सोडायला पाठवलं तर दोन सोडायच्या आणि तिसरी बांधलेलीच राहायची, कारण मधेच मला कुंपणावरचा सरडा दिसलेला असायचा. मार पुष्कळ खाल्ला. मारानं काही होत नाही हे आधी आईच्या लक्षात आलं, मग माझ्या. एक दिवस काठी टाकून देऊन ती म्हणाली, "हात काय करून राहिले ते तोंडानं म्हणत जा. मोठ्यानं म्हण. मला आयकू आलं पाहिजे."

मी म्हणू लागले आणि नवल झालं. तोंड चालू असलं की मन त्याच्या मागोमाग चालायचं, फाटे फोडायचं नाही. वडील हसायचे, "आमची पोरगी झाडलोट करायच्या आधी दवंडी देते." त्या घरात मला कुणी वेडी म्हटलं नाही. हे सुख असतं हे तेव्हा कळायचं वय नव्हतं.

न्हाण यायच्या आधीच लग्न झालं आणि मी वसमतजवळच्या हट्टा गावी आले. घरात सासूबाई, मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि आमचे हे. जमीन बेताची, पण विहिरीला पाणी होतं आणि घरची हळद नावाजलेली. मामंजींच्या हातची हळद म्हणजे आत सोनं, असं लोक म्हणत.

त्या काळी सुनेचा आवाज सासऱ्याच्या कानावर पडू नये अशी रीत होती. मामंजी बाहेरून आले की उंबऱ्यापाशी खाकरायचे. खाकरण्याचा आवाज आला की पदर नाकापर्यंत आणि तोंड बंद. त्यांना काही सांगायचं असलं तर सासूबाईंच्या मार्फत सांगायचं. त्या नसल्या तर दाराची कडी वाजवायची, नाहीतर बांगड्या. तेही माझ्या आसपास असले की पाठ करून बसत. सगळ्या सुनांना हेच होतं, पण बाकीच्या सुनांचं डोकं तोंड बंद करूनही चालत होतं. माझं बंद पडलं.

दूध उतू गेलं. जात्यात दाणे घालून मी नुसतीच खुंटा धरून बसले. दळण उघड्यावर राहिलं, कोंबड्यांनी खाल्लं. सासूबाई म्हणाल्या, "हातानं करती येक, डोळ्यानं बघती दुसरंच. कशी पोरगी पदरात पडली!" मला बोलू द्या, मग होईल, असं म्हणायला तोंड उघडायला हवं होतं. आणि खरं म्हणजे मला स्वतःलाच वाटायचं की थोरामोठ्या बाया गप्प राहून करतात ते मला येत नाही, तर खोट माझ्यातच आहे.

दुसऱ्या वर्षी हळदीत ते घडलं.

हळद काढली की तिचे कंद मोठ्या कढईत घालून शिजवतात. वरून हळदीचाच पाला आणि पोती झाकतात, खालच्या चुलवणात पाचट सारत राहतात. फेस येतो, मग वास बदलतो, आणि नेमकं तेव्हा काडी टोचून बघायची. आरपार गेली की लगेच उपसायची. उशीर झाला तर हळद गळते, रंग जातो, वर्षाची मेहनत जाते. जाळ सारायला मला बसवलं होतं. काडी टोचायचं काम मामंजींचं. ते थोड्या अंतरावर, माझ्याकडे पाठ करून, शेजारच्या शेतकऱ्याशी बोलत बसले होते. सासूबाई भाकरी आणायला घरी गेल्या होत्या.

फेस आला. वास बदलला. मला कळलं, मी चांगली शुद्धीवर होते. मी बांगड्या वाजवल्या. चुलवण भडभडत होतं, त्या आवाजात बांगड्या कुणाला ऐकू येणार? हाक मारायची सोय नव्हती. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले असते तर परक्या माणसादेखत अब्रू गेली असती. मग मला एकच सुचलं. सासूबाईंना बोलावून आणावं, म्हणजे त्या मामंजींना सांगतील. मी पळत सुटले.

वाटेत काट्याच्या कुंपणात एका करडाची मान अडकली होती. ते ओरडत होतं. मी ते सोडवलं, तर ते लंगडत दुसरीकडेच निघालं, म्हणून त्याला त्याच्या आईपर्यंत पोचवलं. तिथं पाटाच्या कडेला टिटवीची अंडी होती, ठिपक्यांची, मातीच्याच रंगाची. नजर हलली की दिसेनाशी व्हायची, म्हणून मी खाली बसून बघत राहिले. किती वेळ बसले ते मला आजही सांगता येणार नाही. सासूबाई डोक्यावर पाटी घेऊन समोरून आल्या आणि म्हणाल्या, "तू हितं? मंग जाळापाशी कोण हाये?"

आम्ही पोचलो तेव्हा मामंजी उघड्या कढईपाशी उभे होते. हातात एक कंद होता, तो त्यांनी दाबला तर उकडलेल्या रताळ्यागत बोटांतून बाहेर आला. सासूबाई बोलल्या, सगळं शिवार ऐकेल एवढं. "हिला वाचा हाये का न्हाई? एक हाक मारता येत न्हाई?" मी हाक मारली असती तर त्याहून मोठ्यानं बोलल्या असत्या, पण ते मनात आणायचीही तेव्हा माझी टाप नव्हती. मला फक्त टिटवीच्या अंड्यांची लाज वाटत होती. कुणाचं घर बुडतंय आणि मी अंडी बघत बसले होते.

रात्रीच्या जेवणानंतर हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मला चार माणसांत मान वर करू देत न्हाई तू." सासूबाईंनी निकाल दिला तो असा. पुढच्या हळदीपर्यंत बघायचं. सुधारली तर राहील, नाहीतर माहेरी पोचवायची आणि लेकाला दुसरी करायची. टाकलेली बाई माहेरात कशी जगते ते मी पाहिलं होतं. आमच्याच गल्लीत एक होती, भावजयींची धुणी धुणारी. त्या दिवसापासून मला झोपेत तिचं तोंड दिसायचं, आणि ते माझं असायचं.

सुधारण्यासाठी वसमतच्या हकिमाचं माजून आणलं. काळं, चिकट, गोडसर. सकाळ-संध्याकाळ बोराएवढी गोळी. त्यात काय होतं देव जाणे, पण माझ्या डोक्यातला बाजार उठला. जिथं बसवाल तिथं मी बसायची. दूध उतू जायचं नाही, कारण चुलीपुढून हलायचं माझ्या मनातच यायचं नाही. भूक लागायची नाही, हसू यायचं नाही. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "गरीब झाली बघा सून." मी तशी असताना सगळ्यांना आवडत होते, ही लाज मी कुणापाशी बोलले नाही.

दिवाळीला आई मला न्यायला आली. तिनं माझी हनुवटी वर केली, डोळ्यांत बघितलं आणि सासूबाईंना म्हणाली, "बाई, महं लेकरू कुठं हाये? हे तर कोणी दुसरंच बसून राहिलंय." मग तिनं रडत रडत सगळं सांगितलं. हिला बोलू द्या, तोंडानं म्हणत म्हणत ही सगळं करते, माझ्याकडे करत होती. सासूबाई कडाडल्या, "सासऱ्याम्होरं बडबडणारी सून? गाव तोंडात शेण घालंल आमच्या!" मामंजी बाहेर ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसले होते, आणि त्यांचं वळणं क्षणभर थांबलं होतं एवढं मला अंधुक आठवतं.

मी माहेराहून परत आले तेव्हा माजून संपत आलं होतं. बाजारच्या दिवशी मामंजी ते आणायला वसमतला गेले आणि संध्याकाळी डोक्याला फडकं गुंडाळून रिकाम्या हातानं परत आले.

"माजून कुठं हाये?" सासूबाईंनी विचारलं.

"आँ?"

"माजून!"

मामंजी आपलेच मोठ्यानं सांगू लागले, "बैल उधळला, गाडीतून कानावर पडलो. नुसतं घूं घूं होऊन राहिलं. हकीम म्हणला, आता आयकू येणं कठीण. सुनंचं औषध? तिला आता द्यायचं न्हाई म्हणला." सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. एक मंद सून आणि एक बहिरा नवरा, दोन्ही त्यांच्याच नशिबी.

माजून बंद झालं तशी मी हळूहळू जागी झाले आणि डोक्यातला बाजार पुन्हा भरला. एकदा आधण ठेवताना माझ्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, "आता मीठ घाल." मामंजी ओसरीवरच बसले होते. मी जीभ चावली. ते ढिम्म. सासूबाईंनी डोळे वटारले, मग त्यांच्याकडे बघितलं आणि थकून म्हणाल्या, "बोल बाई. त्या बहिऱ्याला काय कळतंय!"

मग मी बोलले. सकाळी उठल्यापासून बोलले. सडा, शेण, दूध, दळण, सगळं तोंडानं म्हणत म्हणत केलं. चुका संपल्या असं नाही. भाजीत कधी दोनदा मीठ, कधी एकदाही नाही. पण दूध आटोक्यात राहिलं, दळण कोंबड्यांच्या पोटात गेलं नाही. आणि हळद आली. मी चुलवणापाशी बसून म्हणत होते, "पाचट सार. फेस आला. अजून वास तोच हाये. आता बदलला. आता काडी टोचाया पायजे." आणि पाठ करून बसलेले मामंजी नेमके तेव्हा उठून आले. दुसऱ्या कढईला तसंच, तिसरीलाही तसंच. मला वाटलं, अनुभवी माणूस आहे, बहिरा असला म्हणून काय झालं. त्या वर्षी हळद मोडली की आत सोनं निघायचं. दुसरी करायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

पुढची सात-आठ वर्षं मी मामंजींच्या देखत बोलत राहिले. आणि माणूस बोलायला लागलं की कामाचंच बोलत नाही. "थेरड्याला कढी आवडली न्हाई जणू. स्वतः करून खा म्हणावं." "ह्यांनी काल हात उगारला, मेल्याचा हात झडो." मामंजींच्या चालण्याची मी नक्कल केली, त्यांच्या घोरण्याला नावं ठेवली. जे आईलाही सांगितलं नाही ते मी त्या पाठीला सांगितलं. एक लेकरू पोटातच गेलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, जड उचलू नको हे मी विसरले म्हणून गेलं. खरंच विसरले होते. दुसऱ्या दिवशी जात्यावर बसून मी म्हणाले, "आता पाण्याला जाईन ती माघारी येणार न्हाई. हीर चांगली खोल हाये." संध्याकाळी विहिरीवर गेले तर मामंजी तिथं मोटेचा नाडा वळत बसलेले. दुसऱ्या दिवशीही बसलेले, तिसऱ्या दिवशीही. कितीतरी दिवस ते विहिरीवरच बसून होते. मी रागानं म्हणाले, "समदं शिवार सोडून थेरड्याला हितंच बसायचं सुचलं." ते ढिम्म.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात सगळीकडे धामधूम होती. आज या गावात लूट झाली, उद्या त्या गावावर लुटारूंची घोडी येणार, अशा बातम्या रोज यायच्या. आमच्या यांनी सासूबाईंना आणि मोठ्या दोन लेकरांना पैनगंगेपलीकडे, संस्थानाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात पाहुण्यांकडे नेऊन सोडायचं ठरवलं. गुराढोरांसाठी मामंजी मागे राहिले, आणि धाकटं अंगावर पीत होतं, ताप होता, म्हणून मी राहिले.

एका दुपारी गावात ओरडा झाला. लोक मिळेल त्या वाटेनं पळाले. मामंजींनी मला खूण केली आणि आम्ही जवारीत शिरलो. जवारी डोक्याच्या वर गेली होती. मी पिकाच्या एका तासात, दोन ओळींमधल्या सरीत, लेकरू घेऊन बसले आणि चार-पाच तासं सोडून मामंजी, नेहमीसारखे पाठ करून. श्वासाचासुद्धा आवाज नको अशी वेळ. पण माझं भ्यालेलं मन दहा दिशांना धावत होतं, त्याला धरून ठेवायला माझ्याकडे एकच दावं होतं. ओठांतल्या ओठांत, मलाच जेमतेम ऐकू येईल असं मी म्हणत होते, "लेकरू पदराखाली घे. पाज त्याला. रडू देऊ नको. भाकरीचं गठुडं... गठुडं कुठं हाये? इसरली. चुलीपाशीच ऱ्हायलं."

"मह्याजवळ हाये," मामंजी हळूच म्हणाले. "तू लेकराकडं बघ."

जवारी सळसळत होती, आणि त्या सळसळीतून त्यांना माझी कुजबुज शब्दन् शब्द ऐकू आली होती. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांची मान ताठ झाली. पण ते वळले नाहीत.

त्या दुपारी घोडी आली नाहीत. कुणाची तरी गुरं उधळली होती म्हणे. पण मला घोड्यांचं भय उरलंच नव्हतं. मी लेकराला छातीशी धरून बसले होते आणि सात-आठ वर्षांचं माझं एकेक बोलणं माझ्यासमोर येत होतं. थेरडा. घोरणं. झडो म्हटलेला हात, त्यांच्याच लेकाचा. त्यांनी ऐकलं होतं. लाजेनं माझे कान, मान, पाठ सगळं तापलं. मग विहीर आठवली. तो माणूस नाडा वळायला बसलेला नव्हता हे मला त्या जवारीत कळलं, आणि मी तोंडात पदर कोंबून रडले. लाज होतीच, पण ती निराळी होती. एवढं कुणी आपल्यासाठी केलं आणि आपण त्याला शिव्या दिल्या, ही लाज.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना उद्देशून बोलले. "मामंजी, तुमाला समदं आयकू येतं?"

त्यांनी हाताचा द्रोण करून कानाला लावला. "आँ?"

धामधूम सरली, सगळे परत आले, मामंजी पहिल्यासारखे बहिरे झाले. मी मात्र मुकी झाले. ते ओसरीवर असले की माझ्या तोंडातून शब्द फुटेना. कुठल्या तोंडानं बोलणार? आणि मग पुन्हा ते सुरू झालं. दूध उतू गेलं. भाकरी करपली. दाव्याला वासरू बांधायचं राहिलं आणि ते सगळं दूध पिऊन गेलं. सासूबाई म्हणाल्या, "आता तीन लेकरांची माय झाली, तरी तेच?" हळद पुढं होती. मला माहेरची ती गल्ली आणि टाकलेल्या बाईचं तोंड पुन्हा दिसू लागलं.

एका सकाळी चुलीवर दूध होतं आणि मी दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हातली धूळ बघत होते. बाहेर मामंजी दोर वळत होते. एकाएकी ते मोठ्यानं ओरडले, बहिरी माणसं ओरडतात तसे, "या घरात कोणी बोलून राहिलं न्हाई का? का मह्या कानातलं उरलंसुरलंबी गेलं?"

"सून गप झालीय!" सासूबाई त्यांच्याहून मोठ्यानं ओरडल्या.

"मंग तिला म्हण, बोल. म्या बहिरा माणूस. मला काय तकलीफ?"

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी पदर नाकापर्यंत ओढला. दाराबाहेरचा दोर वळायचा थांबला होता. दूध भांड्याच्या काठाशी आलेलं मला दिसलं.

"आता दूध उतरव," मी मोठ्यानं म्हणाले, आणि उतरवलं.